बेळगावचा महापौर

(मआमीर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बर्नी सँडर्स 1981 साली अमेरिकेतल्या बर्लिंग्टन या लहान शहराचे महापौर झाले, ते अवघ्या 10 मतांनी. 1989 पर्यंत ते त्या पदावर होते. या आठ वर्षांत लोकांनी त्यांचे काम पाहिले आणि तिथूनच त्यांची वाट अमेरिकी संसदेकडे गेली. आज मला बोलायचे आहे ते मात्र आपल्या भाषेतल्या एका महापौराविषयी. बेळगावचे विजय मोरे.

कर्नाटकात महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो, तोही एका वर्षासाठी. कारभार आयुक्तांच्या हाती असतो आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमते. म्हणजे मान मोठा, अधिकार थोडा.

मोरे महापौर असताना, ऑक्टोबर 2005 मध्ये, महापालिकेने सीमाभाग महाराष्ट्रात जावा असा ठराव केला. हा प्रश्न 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा. महाराष्ट्राने 2004 साली त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावाही लावला होता. महापालिकेच्या ठरावाने सीमा एक इंचही हलत नाही. तरीही नोव्हेंबरमध्ये बंगळूरला गेलेल्या मोरे यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले आणि कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. पुढच्या काळात मोरे यांचे नाव शांताई वृद्धाश्रमाच्या कामामुळे लोकांना माहीत झाले.

इथे बसलेल्यांत बेळगाव महाराष्ट्रात यावे असे म्हणणारे आहेत आणि हा वाद आता पुरे असे म्हणणारेही आहेत. माझे म्हणणे दोघांनाही सारखेच आहे. ठराव पटला नाही तर तो रद्द करा, कोर्टात जा, पुढच्या निवडणुकीत त्या लोकांना पाडा. काळे फासणे ही गुंडगिरी झाली. पण बरखास्तीने शिक्षा होते ती नळाच्या पाण्यासाठी आणि गटारासाठी मत दिलेल्या नागरिकाला, मग तो मराठी असो, कन्नड असो की उर्दू बोलणारा.

आणि बरखास्तीची गरजही नव्हती. 2021 च्या निवडणुकीत बेळगावात 58 पैकी 35 जागा भाजपला मिळाल्या आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा धुव्वा उडाला. निकाल आवडो न आवडो, तो मतदारांनी दिला.

कर्नाटकाला नावे ठेवताना आपल्या घरातही पाहू. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडले. एवढा काळ देशातली सर्वात श्रीमंत महापालिका प्रशासकाने चालवली. तिथे कोणी ठरावही केला नव्हता! 74 वी घटनादुरुस्ती म्हणते की मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या आणि बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत घ्या. कागदावर सगळे ठीक आहे.

आपण राहतो त्या बहारीनमध्येही 2002 साली नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यात स्त्रियांनीही मत दिले. राजधानी मनामाच्या निवडून आलेल्या परिषदेच्या जागी मात्र 2014 साली नेमलेले मंडळ आले. आपल्यापैकी बहुतेकांना इथे मत नाही, त्यामुळे मताची किंमत आपल्याला जास्त कळायला हवी.

तेव्हा एवढेच करा. सुट्टीत गावी गेलात की आमदार कोण हे विचारण्याआधी नगरपालिकेत निवडून आलेले सभागृह आहे की प्रशासक, ते विचारा. प्रशासक असेल तर किती दिवस, हेही विचारा.