फोन उघडा, पण आमच्यासमोर

कोणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कोणी वावरातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल. आज आम्ही बचत, कर्ज, व्याज यावर बोलणार नाही. आज मोबाईल उघडून आत काय असतं ते सांगणार आहोत. तोंडीच सांगतोय, म्हणून जरा डोळ्यांपुढे आणत ऐका.

संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गटांच्या बैठकीत आधी हजेरी, मग बचत, मग परतफेड असा क्रम असतो. त्यात आता एक विषय न लिहिता येऊन बसला आहे, तो म्हणजे कोणाचा फोन बंद पडला. हे ऐकता ऐकता आमच्या एक गोष्ट लक्षात आली. बाईच्या हातात जो फोन असतो तो बहुतेक वेळा कोणीतरी वापरून सोडलेला असतो. पोराला नवा घेतला की त्याचा जुना आईकडे येतो, म्हणजे काच तडकलेली, बॅटरी दमलेली, चार्जर वाकडा धरला तरच चार्ज होणारा. आणि लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीचा ओटीपी येतो तो त्याच फोनवर. ई-पीक पाहणीचा फोटो त्याच्यावर, गटाचा व्हॉट्सॲप त्याच्यावर, जमा झालेल्या पंधराशे रुपयांचा मेसेजही त्याच्यावर. पडद्याचा खालचा भाग काळा पडला असेल तर ओटीपीचे आकडे दिसत नाहीत आणि बाई रांगेतून परत येते. म्हणून आम्ही म्हणतो, फोनची दुरुस्ती हा आधी बायांचा प्रश्न आहे.

आमच्यातल्या एकीने मोबाईल दुरुस्तीचं महिनाभराचं प्रशिक्षण घेतलं. बैठक संपली की ती टेबलावर फोन उघडते आणि आम्ही सगळ्या भोवती बसून पाहतो. पहिल्या दिवशी सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते आत इतकं कमी सामान असतं याचं. एक म्हातारी सदस्य म्हणाली, "येवढंच? याच्यापरीस माह्या शिलाई मशीनमंधी जास्त सामान हे!"

खरंच आहे ते. मागचं झाकण निघालं की मधोमध बॅटरी दिसते, सपाट, वडीच्या तुकड्यासारखी. वरच्या बाजूला मुख्य बोर्ड, ज्याला मदरबोर्ड म्हणतात. खाली एक छोटा बोर्ड, त्यावर चार्जिंगचं तोंड आणि माईक. या दोन बोर्डांना जोडणारी एक पातळ पट्टी. वर कॅमेरे, खाली स्पीकर, आणि पुढच्या अंगाला पडदा. पडदा आणि टच एकत्र असतात, दुकानदार त्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतो. यातले बरेचसे भाग चिमुकल्या बटणासारखे एकमेकांना दाबून बसवलेले असतात. ब्लाउजचं टिचबटण असतं ना, तसंच. प्लास्टिकच्या पत्रीने हळूच उचललं की सुटतं. म्हणजे एक भाग बिघडला म्हणून अख्खा फोन गेला असं होत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "आता नवाच घ्या लागते" हे वाक्य बाई सहजासहजी ऐकून घेत नाही.

उघडण्याची रीत अशी. फोन आधी पूर्ण बंद करायचा. सिमचा ट्रे पिनने काढून घ्यायचा, नाहीतर झाकण ओढताना तो अडकतो. काही फोनचं झाकण नुसतं खाचांवर बसलेलं असतं, काहींचं चिकटवलेलं असतं. चिकटवलेलं असेल तर कडेने थोडी ऊब द्यायची, गोंद मऊ झाला की पातळ पत्री फिरवायची. झाकण उघडलं म्हणून झटक्यात ओढायचं नाही. ज्या फोनचं बोट लावायचं बटण मागे असतं, त्याची पट्टी झाकणाला चिकटलेली असते, ती फाटते. मग दहा-पंधरा बारीक स्क्रू. इथे आमच्या ताईची एक युक्ती आम्हाला फार आवडली. ती कागदावर फोनचं चित्र काढते आणि जिथला स्क्रू तिथेच कागदावर ठेवते. कारण सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डात घुसतो आणि चांगला फोन दुरुस्त करताना मरतो. स्क्रू निघाले की सगळ्यात आधी बॅटरीचं टिचबटण सोडवायचं. त्याआधी कशालाही हात लावायचा नाही.

आता नेहमीचे आजार पाहू. सगळ्यात जास्त तक्रार "चार्ज होत नाही" ही. आपल्याकडे त्याचं कारण बरेचदा कापूस असतो. हसू नका. वेचणीच्या दिवसांत फोन ओच्यात, कमरेच्या पिशवीत, ब्लाउजमध्ये असतो. बारीक तंतू आणि धूळ चार्जिंगच्या तोंडात जातात, चार्जरची पिन त्यांना आत दाबत राहते, आणि शेवटी तिथे नमद्यासारखा थर बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून, उजेडात धरून, लाकडी दातकोरणीने हा थर हलक्या हाताने काढता येतो. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. आतल्या तारा वाकल्या किंवा एकमेकींना टेकल्या तर पंचाईत होते. आमच्या एका बैठकीत पाच फोन "चार्जिंग खराब" म्हणून आले होते, त्यातले तीन असेच बरे झाले. फुकटात. उरलेल्यांचा खालचा छोटा बोर्ड बदलावा लागला. साध्या फोनमध्ये तो वेगळा असतो, काही शेकड्यांत काम होतं. काही फोनमध्ये चार्जिंगचं तोंड मुख्य बोर्डालाच डाग देऊन बसवलेलं असतं. तिथे जास्त हुशार हात लागतो आणि पैसेही जास्त लागतात. दुकानात विचारायचं ते हेच, की पट्टी बदलायची आहे, छोटा बोर्ड बदलायचा आहे की मोठ्या बोर्डावर काम आहे?

ब्लाउजमधल्या घामाचंही सांगून टाकतो. फोन रोज तिथे ठेवला तर घामाची वाफ आत जाते आणि जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. तो गंज असतो. आमच्याकडे बाईच्या कपड्यांना खिसा शिवायची रीत नाही, याचा भुर्दंड फोनलाही बसतो. आम्ही काही जणींनी आता परकराला आणि कुर्त्याला खिसे शिवून घेतले आहेत.

बॅटरीबद्दल मात्र जपून ऐका. साधारण पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाली की बॅटरी थकायला लागते, हा तिचा स्वभाव आहे. उष्णतेने ती आणखी लवकर थकते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. टिनाखाली, गाडीच्या डिक्कीत, चुलीच्या कट्ट्यावर फोन ठेवू नका. मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं, पडदा कडेने वर आला, तर समजा बॅटरी फुगली. तशी बॅटरी चार्जला लावायची नाही, दाबायची नाही, आणि घरी काढायचीही नाही. तिला छिद्र पडलं तर ती पेटते, आणि ती आग लवकर आटोक्यात येत नाही. शिकलेल्या माणसाकडेच द्या. काढलेली बॅटरी चुलीत, उकिरड्यावर, नालीत टाकायची नाही. दुकानदाराला परत घ्यायला सांगा.

फोन पाण्यात पडला तर काय? तांदळाच्या डब्यात ठेवतात, ते सोडून द्या. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचा भुसा चार्जिंगच्या तोंडात जातो. आपला बराच भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. आपण ते पिऊन काय भोगतो ते आपल्याला माहीत आहे, किडनीचे आजार घराघरांत आहेत. फोनलाही हे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त बाधतं. पाणी सुकतं पण मीठ मागे राहतं, आणि तेच जोड खातं. म्हणून फोन ताबडतोब बंद करा, "चालते का पाहू" म्हणून चार्जिंगला लावू नका, आणि त्याच दिवशी उघडून घ्या. दुरुस्तीवाला बोर्ड एका खास स्पिरिटने धुतो. चार दिवसांनी नेलात तर तो तरी काय करणार.

पडदा फुटला तर खर्च सगळ्यात मोठा असतो. नुसती वरची काच तडकली असेल आणि खाली चित्र, टच नीट असेल तर काही दिवस चालवता येतं, काचेवर पारदर्शक पट्टी चिकटवून घ्या म्हणजे बोट कापणार नाही. पडदा बदलायचाच असेल तर कंपनीचा आणि कॉपी यांत किमतीचा फरक असतो, तसा उजेडाचाही असतो. कॉपी पडदा बऱ्याचदा उन्हात नीट दिसत नाही. ज्या बाईला वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आहे, तिच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता दुकानाचं. दुरुस्तीवाले भाऊ आपल्याच गावचे, सगळे काही फसवत नाहीत, त्यांच्याकडे चांगला हात असतो. पण फोन आत नेऊन, पडदा ओढून, "उद्या या ताई" ही रीत आम्हाला मान्य नाही. आमची एक सदस्य म्हणाली, "भाऊ, माह्यासमोर उघडा." त्यावर उत्तर आलं, "बाई, तुमाले काय समजते त्याच्यातलं?" ती म्हणाली, "समजत नाई म्हणूनच पाहतो." आणि स्टूल ओढून बसली. अर्ध्या तासात काम झालं.

फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो, तो वहीत लिहून ठेवा. हा नंबर मुख्य बोर्डाचा असतो. परत आलेल्या फोनचा नंबर वेगळा निघाला तर बोर्ड बदलला गेला आहे. आणि पासवर्ड मागितला तर विचारा, कशाला? बॅटरी, चार्जिंग, स्पीकर, पडदा, यांतलं काहीही बदलायला पासवर्ड लागत नाही. तपासून पाहायचं तर कुलूप न उघडताही कॅमेरा आणि टॉर्च चालू होतात, चार्जिंग दिसतं, दुसऱ्या फोनवरून रिंग देता येते. काही नव्या फोनांत दुरुस्तीला देतानाचा वेगळा मोड असतो, तो लावला की फोटो आणि मेसेज झाकले जातात. आपले फोटो, लेकींचे फोटो, बँकेचे मेसेज सगळं त्याच डबीत आहे. एकीचा फोन दुकानातून आला आणि तिचे घरगुती फोटो कोणीतरी पाहिल्याचं तिच्या कानावर आलं. तिने कोणाला सांगितलं नाही, नुसता फोन वापरणं सोडलं. गटात आली तेव्हा दोन महिन्यांनी बोलली. आम्हाला दुरुस्ती शिकावीशी वाटली त्याचं खरं कारण पैसे नव्हतं, हे होतं.

फोन सरकारी कामाचा असला तरी तो बिघडला की भार कोणावर येतो, हे अंगणवाडीच्या ताईंनी दाखवून दिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. त्या फोनची रॅम होती दोन जीबी, आणि त्यावर पोषण ट्रॅकर चालवायचा. फोन तापायचा, अडकायचा, आणि बिघडला की दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी यायचा. लोकांना वाटलं बायांना मोबाईल नको आहे. त्यांना काम करणारा फोन हवा होता, आणि ॲप मराठीत हवं होतं.

कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, साध्या माणसाला दुरुस्ती करता यावी, यासाठी जगभर मागणी चालू आहे. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे. तिथे स्मार्टफोनचं मॉडेल विकणं बंद झाल्यावरही सात वर्षं त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळत राहिले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि वॉरंटीची माहिती आहे. पण वॉरंटीतला फोन घेऊन खामगाव नाहीतर अकोला गाठायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. पोर्टल काही मजुरी भरून देत नाही. तरी वॉरंटीत असताना फोन बाहेर उघडू नका, आणि कंपनीने टाळाटाळ केली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

ज्यांना हे काम शिकायचं आहे त्यांनी जिल्ह्याच्या आरसेटीत चौकशी करा. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणाची सोय असते. सासरचे विचारतील, "हे पोट्ट्याइचं काम, तू कायले शिकते?" त्यांना सांगा, ज्या हाताने सुईत दोरा ओवतो त्याच हाताने हा स्क्रू धरायचा असतो. हत्यारांचा खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून होऊ शकतो. आमच्या ताईने तसाच केला. आता तिच्याकडे शेजारच्या गावांतल्याही बाया येतात. विशेष करून त्या, ज्यांना आपला फोन पुरुषांच्या दुकानात ठेवायचा नसतो.

पुढच्या मंगळवारी दुपारी दोन वाजता बैठकीच्या जागीच फोन उघडून दाखवणार आहोत. घरात पेटीत, माळ्यावर बंद पडलेला फोन असेल तर घेऊन या, चार्जरही आणा, कारण निम्म्या वेळा दोष चार्जरचाच निघतो. फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र पिशवीत कोंबून आणू नका, आधी निरोप द्या, आम्ही येऊन पाहू.