उंचीचे माप आणि मनाचे माप
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



कापडाच्या दुकानात एक दृश्य वरचेवर पाहावयास मिळते. वडिलांबरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शर्टाचे कापड घ्यावयास येतो. गादीवर तागे उलगडले जातात. आडव्या पट्ट्यांचे कापड तो हातही न लावता बाजूला सारतो आणि उभ्या रेघांचे मागतो. उभ्या रेघांत माणूस उंच भासतो, हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते. तेवढ्यात वडील हसून म्हणतात, "मोठ्या पन्ह्याचे दीड मीटर याला पुष्कळ झाले. आमची बचतच आहे!" दुकानातील चार माणसे हसतात. मुलगाही हसतो. मात्र त्यानंतर तो कापडाकडे पाहत नाही आणि आरशाकडे तर नाहीच.

वडिलांच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु ते वाक्य दुकानातच राहत नाही, ते मुलाबरोबर घरी जाते. 'बुटक्या', 'गिड्ड्या', 'टिल्लू' अशी नावे शाळेत आधीच मिळालेली असतात. त्यांवर आता घरचाही शिक्का बसतो. असा मुलगा छायाचित्र काढताना मागे सरकतो, संघनिवडीच्या दिवशी आजारी पडतो, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून दर आठवड्याला स्वतःस मोजतो. हळूहळू तो लग्नकार्यास जाणे टाळतो. घरचे म्हणतात, "शांत स्वभावाचा आहे." तो शांत नसतो, आतल्या आत मिटत असतो.

व्हिएन्ना येथील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर (१८७०–१९३७) यांनी न्यूनगंडाचा विचार शास्त्रीय पातळीवर मांडला. बालपणी मुडदुसाने ग्रासलेल्या अ‍ॅडलर यांना देहातील उणिवेचे दुःख ठाऊक होते. उणिवेची जाणीव प्रत्येकास असते आणि तीच माणसास प्रयत्नासही प्रवृत्त करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती जाणीव माणसाचा ताबा घेते, तेव्हा तिचा गंड होतो.

चेष्टेचे माप किती चिवट असते, याचे उदाहरण म्हणजे नेपोलियन. त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदली गेली. परंतु ते माप फ्रेंच होते आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचाहून मोठा असे. आजच्या हिशेबाने तो सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे त्या काळी सर्वसाधारण उंचीचा होता. इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला बुटका रंगविले आणि दोनशे वर्षांनंतरही जग त्याला बुटकाच समजते. सम्राटाची ही गत, तर शाळकरी मुलाने काय करावे?

हा विषय केवळ हळवेपणाचा नाही. स्वीडनमधील सुमारे १३ लक्ष पुरुषांच्या नोंदींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. उंचीत दर पाच सेंटिमीटरच्या वाढीबरोबर आत्महत्येचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळला. याचा अर्थ उंची कमी म्हणून जीवन व्यर्थ, असा मुळीच नव्हे. बालपणीच्या हालअपेष्टा उंचीही खुंटवितात आणि मनावरही व्रण ठेवतात, ही शक्यता संशोधकांनी पुढे ठेवली. २००४ साली अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी उंची आणि मिळकत यांचा संबंध तपासला. निर्णायक ठरली ती प्रौढपणीची उंची नव्हे, तर सोळाव्या वर्षीची! सोळाव्या वर्षी ठेंगणे असून पुढे उंच झालेल्यांना उंचीचा लाभ फारसा मिळाला नाही. त्या वयात खेळ, मंडळे, मित्रमेळावे यांपासून दूर राहिल्याने जे गमावले, ते नंतर सहजी भरून आले नाही. उंची वाढली, मागे सरकण्याची सवय मात्र राहिली.

म्हणूनच या मुलांना थोरांची नावे ऐकवून भागत नाही. लालबहादूर शास्त्रींनी ठेंगण्या देहानिशी १९६५ च्या युद्धात देशाचे नेतृत्व केले. सुनील गावसकरांनी १९७१ साली वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच मालिकेत ७७४ धावा काढल्या. सचिन तेंडुलकरांनी शंभर आंतरराष्ट्रीय शतके झळकावली. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे खरेच आहे. परंतु ज्याला उद्या वर्गात बसावयाचे आहे, त्याला त्यातून असाही अर्थ लागतो की, लहान मूर्तीने निदान कीर्ती तरी मिळवावी. साध्या माणसासारखे जगण्याची तिला मुभा नाही. उंच माणसाकडे कोणी अशी भरपाई मागत नाही.

विवाहाच्या बाजारात तर ही मोजपट्टी अधिकच कठोर होते. परिचय पत्रिकेत नावाखाली उंची येते आणि स्वभाव शेवटच्या ओळीत. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ व स्त्रीची सुमारे १५३ सेंटिमीटर असताना पत्रिकांतील अपेक्षा मात्र वेगळ्याच असतात. एक-दोन इंचांसाठी नाकारलेली मुलगी नकाराचे कारण आयुष्यभर विसरत नाही.

वैद्यकीय बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. उंचीचा सुमारे ८० टक्के भाग अनुवंशिक असतो. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी साडेसहा सेंटिमीटर मिळवावेत व मुलीसाठी वजा करावेत, म्हणजे ढोबळ अंदाज येतो. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढते. वाढ चारहून कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. थायरॉइडची किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता वेळीच कळल्यास उपचार होतो. काही मुले केवळ उशिरा वाढतात. त्यांना धीर पुरतो. हाडांच्या टोकांची वाढ थांबल्यावर मात्र कोणतीही पावडर वा लोंबकळण्याचे यंत्र उंची देत नाही. उंची वाढविण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही ती होते आणि मुले खाऊचे पैसे साठवून ते डबे मागवतात.

मग करावे काय? पहिले, घरात देहावरून विनोद बंद व्हावा, प्रेमाचाही. दुसरे, मुलाने दुःख सांगितले तर "त्यात काय एवढे" असे म्हणू नये; आधी ऐकून घ्यावे. तिसरे, जेथे उंची मोजली जात नाही अशा ठिकाणी, तबल्यास, बुद्धिबळास, पोहावयास, गिर्यारोहणास त्याला धाडावे. भरपाई म्हणून नव्हे, सोबत मिळावी म्हणून. चौथे, झोप उडाली, जेवण तुटले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास संकोच करू नये. २०२२ साली सुरू झालेली शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

पन्हा किती असावा हे मागावर ठरते. कापडाच्या हातात ते नसते. जाणता ग्राहक पन्हा पाहून मीटर ठरवितो, परंतु कापडाची पारख करतो ती सुतावरून आणि विणीवरून. अरुंद पन्ह्याचे कापड त्याने हलके म्हणून कधी बाजूला टाकलेले नाही.

दुकानात आलेल्या त्या वडिलांना एवढेच करावयाचे होते. माप सांगून गप्प राहावयाचे आणि मुलाला विचारावयाचे, "तुला कोणते आवडले?"