फोटोत नसलेली मुले
(अंतरवाली सराटी येथे पालकांपुढे केलेले भाषण)

स्मरणिका हाती पडली की आपण प्रथम काय शोधतो? आपल्या मुलाचा फोटो. आमच्याकडे वर्गाचा फोटो जानेवारीत निघतो. या वर्षी फोटोच्या दिवशी माझ्या वर्गातली काही मुले नव्हतीच. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी भागांतील ऊसतोडीची बिऱ्हाडे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या फडांवर जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मुलांचे नाव हजेरीपटावर राहते, फोटोत चेहरा नसतो.

कष्टकऱ्यांचे फोटो ही काही चैनीची बाब नव्हे. अमेरिकेत लुईस हाइन नावाचा एक गृहस्थ होता, आपल्यासारखाच शाळामास्तर! १९०८ पासून त्याने बालकामगार समितीसाठी सूतगिरण्यांतील व कोळसा खाणींतील मुलांचे फोटो काढले. मालक आत सोडीत नसत, तेव्हा तो निरनिराळे बहाणे करून शिरे. कोटाच्या गुंड्यांवरून मुलाची उंची अजमावी आणि खिशातल्या खिशात वय, काम, तास टिपून ठेवी. माझ्या मते ते टिपण फोटोइतकेच मोलाचे. नुसता केविलवाणा चेहरा पाहून आपण हळहळतो आणि पान उलटतो. वय कळले की पान उलटवत नाही. बालमजुरीवर देशव्यापी बंधन घालणारा कायदा तेथे १९३८ साली झाला. हाइन १९४० साली वारला, तोही हलाखीत.

आपल्याकडे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. ते गटारापाशी थांबले नाहीत, कामगारांच्या घरांपर्यंत गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण रोज ज्याच्या शेजारून नाक दाबून जातो, त्याला घर आहे हे कळायला फोटो लागावा, हे काही भूषणावह नाही.

तुमच्या या गावात २०२३ च्या सप्टेंबरात उपोषण व लाठीमारामुळे पुष्कळ कॅमेरे आले. ती छायाचित्रे आंदोलनाची होती. पहाटे थंडीत उसाची मोळी बांधणाऱ्या आईचा फोटो वेगळा, आणि तो तिला विचारूनच काढावा लागेल.

मी संस्थेला सुचवले आहे की वर्गाचे फोटो दोन काढावेत. एक जुलैत, सगळी मुले असताना, दुसरा जानेवारीत. दोन्ही एकाच पानावर छापावेत आणि प्रत्येकाखाली मुलांची संख्या द्यावी. छपाईचा खर्च वाढेल, हे कबूल. जाहिरातीचे एक पान कमी करू.