एका साच्याचीं घरें आणि त्यांचें दर्शनी रूप

घर मनुष्य स्वतःसाठीं बांधतो. पण घराचा दर्शनी भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि रस्त्यानें जाणाऱ्यायेणाऱ्यांच्याहि वांट्याला येतो. आंतील खोल्यांची सोय-गैरसोय घरमालकाची, बाहेरील भिंतींची शोभा किंवा कुरूपता मात्र साऱ्या आळीची. एखादें घर बेढब झालें, तर तें एकट्याचें दुर्दैव म्हणून सोडून देतां येतें. परंतु जेथें एकाच साच्यांतून हजारों घरें निघतात, तेथें साच्यांतील लहानसा दोषहि हजारपट होतो आणि संबंध वसाहतीवर त्याचा शिक्का बसतो. उपनगरांतील स्वस्त घरांच्या बाह्यरूपाचा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाहीं.

या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण अमेरिकेंतील लेव्हिटटाउन हें होय. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां घरीं परतलेल्या सैनिकांना राहावयास पुरेशीं घरें नव्हतीं. कित्येक तरुण कुटुंबें आप्तांच्या घरीं दाटीनें दिवस कंठीत होतीं. अशा वेळीं न्यूयॉर्कच्या पूर्वेस, लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत, लेव्हिट पितापुत्रांच्या कंपनीनें १९४७ मध्यें ही वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. मोटारीच्या कारखान्यांत मोटार पुढें सरकते आणि कामगार जागींच उभा राहतो. येथें घर जागीं राहिलें आणि कामगारांच्या टोळ्या पुढें सरकत गेल्या. बांधणीचे सुमारें २६ टप्पे पाडले होते आणि प्रत्येक टोळी आपलें एकच काम उरकून शेजारच्या भूखंडावर जाई. काम भरांत असतां दिवसाला तीसहून अधिक घरें पुरीं होत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या १७,४४७ झाली.

या घरांना नांवें ठेवणें सोपें होतें. सुमारें ७५० चौरस फुटांचें, उतरत्या छपराचें तेंच घर, ६० फूट रुंद आणि १०० फूट लांब अशा भूखंडावर, पुनःपुन्हां. तथापि टीकाकारानें एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या एकसाचीपणाची थट्टा झाली, त्याच एकसाचीपणामुळें घराची किंमत सामान्य माणसाच्या आंवाक्यांत आली. तेव्हां घराची किंमत वाढूं न देतां त्याचें रूप कसें सुधारावें, हाच येथें खरा प्रश्न आहे.

खुद्द बांधणाऱ्यांनाहि तो जाणवला. १९४९ मध्यें त्यांनीं ३२ फूट बाय २५ फूट असा नवा नमुना ७,९९० डॉलरांस विक्रीस काढला. त्याचे पांच प्रकार होते. फरक होता तो बाहेरचा रंग, छपराची रेषा आणि खिडक्यांच्या जागा यांचा. पण याहून महत्त्वाचा बदल आंत झाला होता. बैठकीची खोली मागच्या बाजूस नेऊन तिला बागेकडे उघडणारी मोठी खिडकी दिली आणि स्वयंपाकघर पुढें आणलें. त्यामुळें घराचा चेहरा आपोआप पालटला. बाह्यरूपाची खरी सुधारणा पुष्कळदां आंतल्या मांडणीपासून सुरू होते, ती अशी. पुढें न्यू जर्सींतील वसाहतींत, जेथें १९५८ मध्यें पहिलीं कुटुंबें राहावयास आलीं, एकाच रस्त्यावर निरनिराळ्या नमुन्यांचीं घरें मिसळून बांधण्यांत आलीं.

अशा उपायांना खर्च थोडा लागतो. तोच नकाशा एका घरास उजवा, दुसऱ्यास डावा घ्यावा; एका घराच्या छपराचा त्रिकोण रस्त्याकडे करावा, दुसऱ्याची पागोळी. घरें एका दोरींत न मांडतां कांहीं चार-पांच फूट मागें घ्यावीं, म्हणजे रस्त्याला वळण आणि सावली लाभते. खिडक्यांची उंची-रुंदी भिंतीशीं प्रमाणांत असावी. रंग घराघराला सुटा न निवडतां पांच-सहा घरांच्या गटाचा एकत्र विचार करून ठरवावा. झाडें आरंभींच लावावीं. उलटपक्षीं, पुढच्याच भिंतीला दगडाचें पातळ कवच चिकटवून बाजूच्या तिन्ही भिंती उघड्या टाकणें ही सुधारणा नव्हे, सोंग आहे.

मात्र सौंदर्य वरून लादूनहि चालत नाहीं. फ्रान्समध्यें बोर्दोजवळ पेसाक येथें ल कोर्बुझिए या प्रख्यात वास्तुशिल्पकारानें १९२४ ते १९२६ या काळांत, फ्रुजेस नांवाच्या कारखानदारासाठीं, सुमारें पन्नास घरें बांधलीं. सपाट गच्च्या, आडव्या लांब खिडक्या आणि भिंतींना निरनिराळे रंग, अशी ती विचारपूर्वक केलेली रचना होती. पण रहिवाशांनीं कालांतरानें खिडक्या लहान केल्या, मोकळ्या गच्च्या बंदिस्त केल्या, कांहींनीं तर वर उतरतें छप्पर चढविलें. राहणाऱ्याला घर आपलेंसें करावयाचें असतें आणि ती इच्छा नकाशाला जुमानीत नाहीं.

लेव्हिटटाउनमध्येंहि कुंपणांना मनाई होती आणि कपडे वाळत घालण्यावरहि बंधनें होतीं. याहून कठोर अट करारपत्रांत होती: गौरवर्णीयांखेरीज इतरांना तेथें राहतां येणार नव्हतें. अशा अटी न्यायालयांना अमलांत आणतां येत नाहींत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४८ मध्यें दिला. तरीहि कृष्णवर्णीयांना घरें नाकारणें पुढें चालूंच राहिलें. घरें सारखीं दिसण्यापेक्षां माणसें सारखीं असण्याचा हा आग्रह अधिक कुरूप होता आणि कोणत्याहि रंगाच्या लेपानें तो झांकला जाण्यासारखा नव्हता.

घराचें रूप राहणाऱ्याच्या हातीं सोंपविण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला. नव्या मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिआ यांनीं सिडकोसाठीं आंखलेली वसाहत १९८६ च्या सुमारास पुरी झाली. सात-सात घरें एका लहान चौकाभोंवतीं बसविलीं. भिंत शेजाऱ्याशीं सामाईक ठेवली नाहीं, म्हणजे ज्याला जेव्हां जमेल तेव्हां त्यानें शेजाऱ्याची परवानगी न मागतां घर वाढवावें. रहिवाशांनीं तसें केलें. कांहींनीं इतकें केलें कीं मूळचें बैठें घर पाडून तेथें मजले चढविले. चौकाचें स्वास्थ्य त्यानें कांहींसें हरवलें, हेंहि खरें.

तात्पर्य, बांधणाऱ्यानें छपराची उंची, रस्त्यापासूनचें अंतर आणि झाडांची जागा एवढें ठामपणें ठरवावें. ओटी, रंग, कुंपण आणि वाढीव खोली हीं राहणाऱ्यावर सोडावीं. लाँग आयलंडवरील त्या घरांपैकीं मूळ रूपांत आज फारच थोडीं उरलीं आहेत. कोणीं छप्पर उंचावलें, कोणीं पुढें पडवी काढली, कोणीं मागें दोन खोल्या वाढविल्या. ही वाढ आधींपासूनच गृहीत धरून साचा आंखला, तर स्वस्त घरालाहि स्वतःचा चेहरा लाभण्यास अडचण पडूं नये.