परत आलेल्यासाठी दार



मला भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या नात्यातील एक मुलगी काही वर्षांपूर्वी मुलगा म्हणून राहू लागली. हार्मोनची औषधे घेतली, आवाज जाड झाला. मागल्या वर्षी औषधे सोडून ती पुन्हा पूर्वीच्या वेषात माझ्या दारी आली. माझ्या तोंडून निघून गेले, "तरी आम्ही सांगत होतो!" हातातला पाण्याचा पेला तसाच ठेवून ती निघून गेली. त्यानंतर मी लेकीकडून वाचून घेऊन हा विषय समजून घेतला.

माणसे परत का फिरतात? कारण एकच नसते. अमेरिकेत २०१५ साली ट्रान्स लोकांची मोठी पाहणी झाली. ओळख बदलण्याच्या वाटेला लागलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के कधी ना कधी मागे फिरले होते. त्यांतील ८२ टक्क्यांहून अधिक लोकांनी घरचा दबाव, लोकनिंदा, नोकरीची अडचण असे एखादे तरी बाहेरचे कारण सांगितले. पण ते सगळे अजूनही स्वतःला ट्रान्सच म्हणवीत होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत परत फिरलेल्या १०० जणांना विचारले. त्यांतील पुष्कळांचे मनच पालटले होते. निम्म्याहून अधिकांना वाटत होते की उपचारापूर्वी नीट विचारपूस झाली नाही. आणि परत फिरल्याचे आपल्या डॉक्टरांना सांगितले फक्त २४ जणांनी!

हीच खरी काळजीची गोष्ट. औषधे बंद करणेही डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावे. शस्त्रक्रियेत अंडाशय वा वृषण काढलेले असतील, तर बाहेरून हार्मोन न मिळाल्यास हाडे ठिसूळ होतात. पाळी गेल्यावर आपली होतात तशीच. जाड झालेला आवाज आपोआप पूर्ववत होत नाही. त्यासाठी आवाजाचे शिक्षण घ्यावे लागते. आणि निवाडा न करता ऐकून घेणारे माणूस हवे.

एकजण परत फिरली म्हणून बाकीच्यांचे सारे खोटे, असेही समजू नये. ज्याची वाट त्याला ठाऊक.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "मावशी, या आवाजाने दवाखान्यात बोलायची लाज वाटते." मग आम्ही दोघी मिळून गेलो. भगिनींनो, तुमच्या दारी असे कुणी आले, तर आधी पाणी द्या, बसवून घ्या. प्रश्न मागाहून.