सहाव्याची एन्ट्री

मी पुण्यात नाट्यशास्त्र शिकते. यंदा परीक्षेच्या प्रयोगासाठी आम्हाला संहिता मिळाली नाही. लेखक नाही, पात्रं नाहीत. आम्ही अकरा जण, तालमीची खोली आणि आम्हीच निवडलेला एक विषय. याला आता सगळे डिव्हाइज्ड नाटक म्हणतात. चार डोकी एकत्र आली, प्रत्येकाला काही सुचलं, ते जोडलं की असं नाटक होतं, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. सुचण्याला कधीच तोटा नसतो. काय टाकायचं हे ठरवताना नाटक लिहिलं जातं.

आमचा विषय होता 2016 ची लातूरची पाणीटंचाई. आमच्यातला एक जण लातूरचा, तेव्हा तो शाळेत होता. बाकीच्यांना आठवत होती ती रेल्वे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन गाडी लातूरला गेली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मग काय, आम्ही लगेच आगगाडी केली. खांद्यावर हात, पायांचा ठेका, तोंडाने शिट्टी. छान दिसत होती. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या एकांकिकेत दिसते तितकीच छान.

लातूरकर भिंतीला टेकून बघत होता. म्हणाला, "गाडी आम्ही पण टीव्हीवरच बघितली की. आमच्या गल्लीत टँकर यायचा."

बरं, मग टँकरची रांग करू म्हणून आम्ही रांगेत उभे राहिलो. ढकलाढकली, कचाकचा भांडण, पदर खोचणं, सगळं झालं. तो पुन्हा म्हणाला, "रांगेत माणसं कुठं असतात? रांगेत घागरी असतात."

इथून आमचं नाटक सुरू झालं. टँकर कधी येईल याचा नेम नाही, मग उन्हात उभं कोण राहणार? घागरी, कळश्या, तेलाचे डबे, निळे ड्रम नंबराला लावून ठेवायचे आणि माणसांनी सावली धरायची. आपली घागर ओळखू यावी म्हणून कुणी गळ्याला चिंधी बांधायची, कुणी रंगाने नाव घालायचं. आम्ही घागरी झालो. उकिडवं बसायचं, हात गुडघ्यांभोवती, मान वर, तोंड उघडं. अशा बसलेल्या नटाला दुसरा नट पायाने पुढे सरकवतो. हाताने नाही, घागर सरकवायला कोण वाकतंय? टाचेचा एक हलका धक्का, की बसलेला नट वीतभर पुढे घसरतो आणि पुन्हा गप्प. हे दृश्य कागदावर कुणालाच सुचलं नसतं. ते सुचायला कुणाचा तरी पाय आणि कुणाची तरी पाठ लागते.

दुसरी गोष्ट जुन्या बातम्यांत सापडली. मार्च 2016 मध्ये लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी 144 कलम लावलं होतं. जमावबंदी. पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. बातमी वाचून सगळे आधी हसले. मग कुणीतरी म्हणालं, हा नियम आपण स्टेजवरच लावला तर?

म्हणजे एका वेळी माणसं पाचच. उरलेल्या सहा घागरी. एखाद्या घागरीला उठून माणूस व्हायचं असेल, तर पाचातल्या एकाला खाली बसून घागर व्हावं लागेल. बोलून ठरवायचं नाही. पाठीमागे कोण उठलं हे न बघता कळायला हवं. सुरुवातीच्या तालमींत एकदम तिघं उठायचे, नाहीतर कुणीच उठत नसे. पुढे आम्ही एकमेकांचे श्वास ओळखायला लागलो. सहावा अर्धवट उठलेला आहे, पाचांपैकी कुणीही बसायला तयार नाही, आणि लांबून टँकरचा हॉर्न ऐकू येतो, हा आमच्या प्रयोगातला सगळ्यात ताणलेला क्षण. त्यात एकही वाक्य नाही.

नियम सापडल्यावर गाळणं सोपं झालं. आगगाडी गेली. कोरड्या बोअरवेलचं एक स्वगतही गेलं. ते माझंच होतं आणि तालमीत दोघींना रडूही आलं होतं. पण बोअरवेल ना पाचात ना सहात, मग तिला ठेवायचं कुठे? असे प्रश्न मतदानाने सुटत नाहीत. मत घेतलं की जो तो आपापल्या तुकड्याची वकिली करतो.

दिग्दर्शक हबीब तन्वीरांचं 'चरणदास चोर' हे नाटक 'नाचा' या छत्तीसगढी लोकनाट्याच्या कलाकारांसोबत कार्यशाळेतून उभं राहिलं, हे आम्हाला शिकवतात. त्यातले विनोद, गाणी, उत्स्फूर्त बोलणं कलाकारांच्या अंगातून आलेलं आहे. पण विजयदान देथांच्या मूळ कथेचा शेवट बदलून चोराच्या मरणावर नाटक संपवायचं, हा निर्णय तन्वीरांचा होता. समूहाच्या कामातही शेवटी एका नजरेला असे निर्णय पेलावे लागतात. आमच्याकडे ती नजर लातूरकराची होती. दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव कुठेही नव्हतं, तरी खोटं काय हे त्याला आमच्याआधी कळायचं.

प्रयोगानंतर बऱ्याच जणांनी "अगदी घाशीराम!" अशी दाद दिली. पुण्यात दहा माणसं एका तालात हलली की हे ऐकावंच लागतं. 'घाशीराम कोतवाल' 1972 साली भरत नाट्य मंदिरात रंगमंचावर आलं आणि त्यातली माणसांची भिंत आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे. पण तिथे आधी विजय तेंडुलकरांची संहिता होती, मग जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. आमचं उलटं झालं. प्रयोग आधी, कागद नंतर.

आणि तो कागद करावाच लागतो. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. आम्ही हे नाटक लिहून काढलं तेव्हा संवाद जेमतेम दोन पानं झाले, कंसातला मजकूर मात्र संपता संपेना. 'टाचेने सरकवतो' हे किती वेळा लिहायचं?

आता हे नाटक आम्हाला एका एकांकिका स्पर्धेत करायचं आहे. अर्जावर 'लेखक' असा एक रकाना आहे, त्यात जेमतेम एक नाव बसतं. कुणाचं तरी एकाचं नाव घाला, असं आम्हाला सांगण्यात आलं आहे. तसं केलं तर उरलेल्या दहांचं काम नुसत्या अभिनयाच्या खात्यात जमा होईल, आणि उद्या ज्याचं नाव आहे तो एकटा या नाटकाचे हक्क सांगू शकेल. म्हणून स्पर्धांच्या संयोजकांना माझी विनंती आहे. तो रकाना थोडा रुंद करा. आमची अकराही नावं लिहायची आहेत.