शस्त्रपूजन, खिशातला चाकू आणि कायद्याचे भान
(विजयादशमीच्या निमित्ताने कात्रज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खंडेनवमीला शेतकरी विळा-कोयत्याची, सुतार पटाशी-रंध्याची आणि सैनिक खड्गाची पूजा करतो. एकाच दिवशी अवजार आणि शस्त्र यांना वंदन करणारी ही परंपरा मोठी अर्थपूर्ण आहे. पाते तेच असते. ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी, यावर त्याचे अवजार होणे वा शस्त्र होणे अवलंबून असते. आधुनिक कायद्यापुढेही आज हाच प्रश्न आहे, आणि निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

प्रथम आपल्या देशाकडे पाहू. 1857 च्या स्वातंत्र्यसमराने धास्तावलेल्या इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्रकायदा केला. परवान्यावाचून हिंदी माणसाने शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. या अपमानास्पद भेदाविरुद्ध राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतूनच आवाज उठला. स्वतंत्र भारताने 1959 मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला व तो 1962 पासून लागू झाला. त्याच्या नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेली साधने त्यातून वगळली आहेत. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शीख बांधवांच्या कृपाणाला धर्माचरणाचा भाग मानले आहे. नांदेडच्या श्री हुजूर साहिबच्या भूमीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

परंतु एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या (पूर्वीच्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या) कलम 37 अन्वये पोलीस आयुक्तांना ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढता येतो. सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी असे आदेश वारंवार निघतात. त्या काळात तलवार, भाला, चाकूच नव्हे, तर काठी आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई असते. तेव्हा पात्याची लांबी मोजून सुटका होत नाही. हातात दंड घेऊन निघणाऱ्या कार्यकर्त्यानेही हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

आता परदेशांकडे वळू. शिक्षण-नोकरीसाठी पुण्यातून दरवर्षी अनेक तरुण बाहेर जातात. त्यांच्या आईवडिलांनी हे अवश्य ऐकावे. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंत पात्याचा, पाते पक्के न अडकणारा घडीचा चाकू विनाकारणही जवळ ठेवता येतो. त्याहून मोठ्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. ‘स्वसंरक्षणासाठी’ हे उत्तर तेथे सबळ कारण मानले जात नाही. जपानमध्ये 6 सेंटिमीटरहून मोठे पाते योग्य कारणाशिवाय बाळगणे गुन्हा आहे. 2008 साली टोकियोच्या अकिहाबारा भागात एका माथेफिरूने 7 जणांचे प्राण घेतले आणि त्यानंतर दुधारी खंजिरांवरील निर्बंध अधिक कडक झाले. जर्मनीत एका हाताने उघडून पक्का होणारा चाकू जवळ बाळगण्यावर 2008 पासून निर्बंध आहेत. 2024 मधील झोलिंगेन येथील हल्ल्यानंतर जत्रा-उत्सवांत चाकूबंदी आली. अमेरिकेत तर राज्यागणिक नियम बदलतो. याउलट स्वित्झर्लंड आपल्या सैनिकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घडीचा चाकू देत आला आहे. ज्या समाजाला जे भय जाणवले, त्याने त्यानुसार रेषा आखली.

पुण्यालाही असे भय जाणवले आहे. 2022-23 मध्ये कोयता मिरवीत दहशत माजविणाऱ्या टोळक्यांच्या बातम्यांनी शहर अस्वस्थ झाले. ऊस तोडणाऱ्या श्रमिकाचे अवजार मिसरूडही न फुटलेल्या मुलांच्या हाती शस्त्र बनले. कोयता शेतीचा म्हणून कायद्याने वगळलेला. पण तो सदऱ्याआड लपवून चौकात नेणारा मुलगा शेतकरी नव्हे. पोलीस त्याला पकडतील, न्यायालय शिक्षा देईल. परंतु तो कोयता हाती येण्यापूर्वी त्याच्याशी बोलणारे कोणी होते का, हा प्रश्न पोलिसांचा नसून कुटुंबाचा आणि वस्तीचा आहे. मैदानावरचा खेळ, व्यायामशाळा, वडीलधाऱ्यांचा धाक आणि जिव्हाळा यांची जागा रिकामी राहिली, की ती जागा टोळी भरून काढते.

स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेनेही मान्य केला आहे. मात्र तो संकटाच्या क्षणी वापरायचा अधिकार आहे. खिशात पाते घेऊन हिंडण्याचा परवाना नव्हे. आणि संकटाच्या क्षणी खरे बळ कोठून येते, हे 27 जून 2023 रोजी सदाशिव पेठेने पाहिले. एका तरुणीवर भररस्त्यात कोयत्याचा वार होत असताना नि:शस्त्र तरुणांनी धावून जाऊन हल्लेखोराला आवरले आणि तिचे प्राण वाचविले.

कात्रजच्या घाटाची कथा येथील लहानथोर जाणतात. 1663 साली लाल महालावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून मोगली फौजेला या घाटाकडे झुलविल्याचे परंपरा सांगते. महाराजांच्या हाती तलवार होतीच. पण ती केव्हा उपसायची आणि केव्हा म्यानात ठेवायची, हा विवेक त्याहून मोठा होता. शस्त्रपूजन हे त्या विवेकाचे पूजन आहे. घरातील मुलांना शस्त्र दाखविताना त्यांना कायदाही सांगावा आणि धैर्यही शिकवावे, हाच विजयादशमीचा संस्कार होय.